जुन्या सिलिकॉन ग्राफिक्स यंत्रावर सह्याद्रीवरून उड्डाण : कोणता प्रोग्राम बसवावा?

सिलिकॉन ग्राफिक्स या त्रिमितीय चित्रांचे संगणक बनवणाऱ्या कंपनीची इंडी (१९९३) किंवा ओ२ (१९९६) चालू स्थितीत हाती आली, की तिच्यावर डोंगरदऱ्यांवरून उडत जाणारे एखादे दृश्य चालवून पाहावे अशी इच्छा होणे अगदी साहजिक आहे, कारण ही यंत्रे ज्या कामासाठी नावाजली गेली ते हेच. पर्याय मुख्यतः चार आहेत : ‘फ्लाइट’ हा जुना डेमो, आयरिस परफॉर्मरसोबत येणारा ‘परफ्लाय’, ग्रास या भूमाहिती प्रणालीतला ‘एनव्हिज’, आणि एसआरआय इंटरनॅशनल या अमेरिकी संशोधन संस्थेने विकसित केलेला ‘टेराव्हिजन’. यांची तुलना बहुधा चित्राच्या गुणवत्तेवरून केली जाते. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असायला हवा : तुम्हाला कोणाच्या जमिनीवरून उडायचे आहे? प्रोग्रामबरोबर आलेली जमीन पुरेशी असेल तर काम तासाभराचे आहे. आपल्या ओळखीचे डोंगर पाहायचे असतील तर खरी मेहनत प्रोग्रामपेक्षा उंचीच्या आकड्यांवर होते.

सर्वांत सोपा पर्याय ‘फ्लाइट’. गॅरी टॅरोली यांनी १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात तो सिलिकॉन ग्राफिक्समध्ये लिहिला (हेच टॅरोली पुढे १९९४ साली थ्रीडीएफएक्सच्या संस्थापकांपैकी एक झाले), आणि ‘डॉगफाइट’ या त्याच्या भावंडामुळे नेटवर्कवरून एकमेकांची विमाने पाडण्याची सोयही झाली. आयरिक्स या यंत्रांच्या कार्यप्रणालीसोबतच्या डेमोंच्या पॅकेजातून तो सॉफ्टवेअर मॅनेजरने सहज बसतो आणि पोतचित्रे (पृष्ठभागावर चिकटवलेली चित्रे, म्हणजे टेक्स्चर) वापरत नसल्यामुळे साध्या इंडीवरही चांगला धावतो. मात्र त्यात आहे ती धावपट्टी, सपाट मैदान आणि थोड्या टेकड्या. भूप्रदेशदर्शन म्हणून तो निवडू नये. यंत्र नीट चालते आहे ना, एवढे पाहण्यासाठी जरूर बसवावा.

‘परफ्लाय’ त्याहून पुष्कळ पुढचा आहे. परफॉर्मर ही १९९४ साली जाहीरपणे मांडली गेलेली दृश्य-अनुकरणाची प्रणाली असून परफ्लाय हा तिचा नमुना-प्रोग्राम आहे. गाव, रस्ते आणि भोवतालची जमीन असलेले त्यातले नमुना-दृश्य आजही बघत राहावेसे वाटते. चालवण्यापुरता भाग आणि नमुन्यांचा डेटा ही वेगवेगळी पॅकेजे असतात, हे न कळल्यामुळे अनेकांना पहिल्या वेळी काळी खिडकी दिसते; डेटाचे पॅकेज बसले आहे ना आणि फाइली शोधण्याचा मार्ग योग्य जागी दाखवला आहे ना, हे आधी तपासावे. परफ्लायची मला सर्वाधिक भावलेली गोष्ट म्हणजे पडद्यावरच दिसणारी आकडेवारी. चौकटी (फ्रेम) सेकंदाला किती पडत आहेत आणि वेळ गणितात, दृश्याबाहेरचे भाग गाळण्यात की प्रत्यक्ष रेखाटनात जात आहे, हे वेगवेगळे कळते. इंडीवर पोतचित्रांचे काम प्रोसेसरला करावे लागते, त्यामुळे ती बंद करताच तेच दृश्य मोकळे धावू लागते. ओ२वर पोतचित्रणाला हार्डवेअरचा आधार आहे आणि चित्रे मुख्य मेमरीतच राहतात, म्हणून तिथे ती चालू ठेवावीत. अडचण एकच : उंचीची जाळी (ठरावीक अंतरावरच्या बिंदूंच्या उंचीचे आकडे) मिळते तशीच परफ्लायला देता येत नाही. आपला प्रदेश त्यात आणायचा तर आधी तो परफॉर्मरला वाचता येईल अशा स्वरूपात साठवावा लागतो.

‘टेराव्हिजन’बाबत आधी नावाचा घोळ मिटवू. बर्लिनच्या आर्ट+कॉम या गटाचेही याच नावाचे काम होते आणि तेही सिलिकॉन ग्राफिक्सच्याच यंत्रांवर चालत असे. या गटाने गूगल अर्थविरुद्ध लढवलेल्या पेटंटच्या दाव्यात एसआरआयचे आधीचे टेराव्हिजनच पुरावा म्हणून पुढे आले आणि २०१७ साली अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने ते पेटंट अवैध ठरवणारा निर्णय कायम ठेवला. एसआरआयचा प्रोग्राम मॅजिक या वेगवान नेटवर्कच्या प्रकल्पासाठी लिहिला गेला : भूप्रदेशाचे चौकोनी तुकडे अनेक पातळ्यांच्या तपशिलात दूरच्या सर्व्हरांवर ठेवायचे आणि डोळ्यासमोर येतील तेवढेच मागवायचे. आज नकाशांची सगळी संकेतस्थळे हीच युक्ती वापरतात. परंतु घरातल्या एकट्या यंत्रासाठी हा प्रोग्राम निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुकडे पुरवणारी व्यवस्था नसेल तर त्याचे मर्मच हरवते.

उरला ग्राससोबतचा ‘एनव्हिज’, आणि माझी शिफारस त्याचीच आहे. ग्रासची सुरुवात अमेरिकी लष्कराच्या बांधकाम-संशोधन प्रयोगशाळेत १९८०च्या दशकात झाली. सिलिकॉन ग्राफिक्ससाठी त्यात ‘एसजीथ्रीडी’ होते, नंतर ओपनजीएल या त्रिमितीय रेखाटनाच्या प्रमाणित प्रणालीवर आधारलेला एनव्हिज आला. चौघांमध्ये बसवायला सर्वांत कठीण हाच आहे. मूळ संहितेपासून बांधायचा तर कंपायलर, टीसीएल-टीके (खिडक्या-बटणे बनवणारी भाषा) आणि ओपनजीएलची विकासासाठीची पॅकेजे आधी जागेवर हवीत, आणि इंडीवर बांधणी रात्रभर चालू ठेवण्याची तयारीही हवी. या सगळ्या खटाटोपाच्या बदल्यात मिळते ते असे : उंचीची कोणतीही जाळी उघडा, हलताना विरळ तारांची आकृती पाहा, थांबल्यावर पूर्ण तपशिलात रंगवून घ्या. यंत्राची ताकद थोडी असताना ही विभागणी फार उपयोगी पडते. झेड-बफर (कोणता बिंदू पुढे, कोणता मागे हे ठरवणारी मेमरी) आणि भूमितीचे हार्डवेअर नसलेल्या, एक्सएल या साध्या ग्राफिक्सच्या इंडीवरही त्यामुळे दिशा आणि उंची नीट ठरवता येते.

आता जमिनीविषयी. अमेरिकी भूसर्वेक्षण संस्थेने १९९६ साली पूर्ण केलेला जीटोपो३० हा जगाचा उंचीसंग्रह ३० विकलांच्या (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग), म्हणजे साधारण एक किलोमीटरच्या जाळीचा आहे. महाराष्ट्र आणि गोवा ज्या तुकड्यात येतात तो ४,८०० स्तंभ आणि ६,००० ओळींचा, उलगडल्यावर बरोबर ५,७६,००,००० बाइटचा आहे. तो जसाच्या तसा इंडीवर उघडण्याचा प्रयत्न करू नये. पूर्व रेखांश ७२.५ ते ८१ आणि उत्तर अक्षांश १४.५ ते २२.५ एवढाच भाग कापला तर १,०२० गुणिले ९६०, म्हणजे ९,७९,२०० बिंदू उरतात, आणि संपूर्ण राज्यावरून झेप घ्यायला तेवढे पुरतात. एका पेशीत किलोमीटरभर जमीन मावत असल्यामुळे घाटमाथ्याचे कडे मात्र उतारासारखे दिसतात.

कडे कड्यांसारखे पाहायचे असतील तर फेब्रुवारी २०००मधल्या शटल रडार मोहिमेचा ३ विकलांचा, सुमारे ९० मीटरचा डेटा घ्यावा. त्यातला उत्तर १९, पूर्व ७३ हा एकच तुकडा १,२०१ गुणिले १,२०१ बिंदूंचा, २८,८४,८०२ बाइटचा आहे, आणि कळसूबाई व हरिश्चंद्रगड दोन्ही त्यात येतात. तीव्र उतारांवर जिथे उंची मिळाली नाही तिथे त्यात उणे ३२,७६८ हा आकडा भरलेला असतो. आत घेताना त्याला ‘माहिती नाही’ असे सांगितले नाही, तर जमिनीत अथांग विवरे दिसतात. शिवाय हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा नागाच्या फण्यासारखा आत वळलेला आहे, आणि उंचीच्या जाळीत एका जागेला एकच उंची असते. त्यामुळे तो वळसा चारपैकी कोणत्याही प्रोग्राममध्ये या डेटातून उभा राहणार नाही. दिसेल तो सरळ तुटलेला कडा.

उतरवून घेताना दोन गोष्टी जपाव्यात. या यंत्रांवरच्या नेटस्केपला आजची सुरक्षित संकेतस्थळे उघडता येत नाहीत, म्हणून फाइल आजच्या संगणकावर उतरवून घरच्या नेटवर्कवरून एफटीपी या फाइल पाठवण्याच्या पद्धतीने पाठवावी, आणि एफटीपी बायनरी मोडमध्ये, म्हणजे एकही बाइट न बदलता पाठवण्याच्या स्थितीत, आहे याची खात्री करावी. माझ्याकडे एका युनिक्स सर्व्हरवरून हाच तुकडा विंडोज पीसीवर आणताना टेक्स्ट मोड राहून गेला. उत्तरेकडच्या काही ओळी ठीक आल्या आणि पुढे सगळे काट्यांचे रान झाले. कारण शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या : २६६, ५२२, ७७८ अशा उंचींचा दुसरा बाइट ‘नवी ओळ’ या चिन्हाचा असतो, आणि टेक्स्ट मोडने अशा प्रत्येक बाइटआधी एक जादा बाइट घुसवला होता. फाइलचा आकार पाहिला असता तर दोष तिथेच सापडला असता, म्हणून आयात करण्याआधी बाइटची संख्या जुळवावी.

दुसरी गोष्ट बाइटच्या क्रमाची. दोन्ही संग्रहांत मोठा बाइट आधी येतो आणि सिलिकॉन ग्राफिक्सचे मिप्स प्रोसेसरही त्याच क्रमाने वाचतात, म्हणून इथे अदलाबदल करू नये. आधी पीसीवर तुकडा कापला असेल तर क्रम उलटा झालेला असू शकतो. मग कळसूबाईची १,६४६ ही उंची २८,१६६ अशी वाचली जाते आणि जीटोपो३०मधला समुद्राचा उणे ९,९९९ हा खुणेचा आकडा उणे ३,६२४ होऊन खोल खड्डा दिसू लागतो.

निवड अशी करावी. इंडी असेल आणि वेळ थोडा असेल, तर फ्लाइट आणि परफ्लायवर थांबायला हरकत नाही. ओ२ असेल, मेमरी बऱ्यापैकी असेल आणि आपले डोंगर पाहण्याची ओढ असेल, तर एक सुट्टी राखून ग्रास आणि एनव्हिज बसवावे. उंची पहिल्यांदा खऱ्या प्रमाणातच ठेवावी, कारण ९० मीटरच्या जाळीत या भागाला फुगवण्याची फारशी गरज पडत नाही. पूर्ण राज्याच्या नकाशावर मात्र तिप्पट-चौपट केल्याशिवाय सह्याद्री उठून दिसत नाही. पहिल्या उड्डाणासाठी कळसूबाईवरून निघावे, भंडारदऱ्याचे सपाट पाणी डावीकडे ठेवून रतनगडावर यावे, आणि तिथून दक्षिणेला हरिश्चंद्रगडाकडे जाताना उंची कमी करत कड्याच्या पश्चिमेला, कोकणाच्या बाजूला उतरावे.