माझ्या आज्जाचा माग दुसऱ्याच्या पोर्टफोलिओत

पुण्यातल्या एका डिझाइन कॉलेजात मुलाखतीसाठी बाहेर बाकावर बसलो होतो. शेजारचा पोरगा टॅबवर आपली पीडीएफ चाळत होता. एका पानावर माझ्या आज्जाचा माग आला. सारखा दिसणारा नव्हे, तोच. बेळगावातल्या वडगावच्या आमच्या घरातला खड्डा माग (खड्ड्यात पाय सोडून विणायचा), डावी पावडी, म्हणजे पायानं दाबायची फळी, सायकलच्या जुन्या ट्यूबनं बांधलेली. ते चित्र माझं होतं, ती गाठ पेन्सिलनं काढताना मी तीनदा खोडली होती.

"हा माग कुठला रे?"

"आमच्या मामाचा. इचलकरंजीला असतो."

बोलायच्या आत माझं नाव पुकारलं.

आधीचं सांगतो. बी.कॉम. झाल्यावर मी बेळगावात एका फ्लेक्सच्या दुकानात लागलो. दिवसभर कोरलड्रॉवर वाढदिवसाचे बॅनर. मराठी मजकूर, कन्नड मजकूर, मधे भाऊ गॉगल घालून, खाली वीस शुभेच्छुकांचे गोल फोटो. रात्री मात्र वही घेऊन बसायचो. मागाचा धोटा, फणी, सुताच्या कांड्या भरणारी आई, शहापूरच्या गल्ल्या. ॲनिमेशनमध्ये एम.डेस., म्हणजे डिझाइनची मास्टर्स पदवी, करायचं डोक्यात होतं.

त्यासाठी पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या निवडक कामांचा संग्रह, दाखवावा लागतो. ऑक्टोबरात एका 'पोर्टफोलिओ कन्सल्टंट'कडे गेलो. काचेची केबिन, भिंतीवर मोठमोठ्या कॉलेजांचे लोगो. (लोगो छापायला काय लागतं, हे फ्लेक्सवाल्यानं तरी ओळखायला हवं होतं!) पहिलंच वाक्य होतं, "सीडच्या फॉर्मसोबतच पोर्टफोलिओ अपलोड करावा लागतो, तारीख डोक्यावर आलीय." हे साफ खोटं. सीड ही आयआयटी मुंबई घेते ती डिझाइनची प्रवेश परीक्षा, जानेवारीत असते. फॉर्मला पोर्टफोलिओ लागत नाही, तो पुढं कॉलेजं मुलाखतीला मागतात. वेबसाइटवर सगळं लिहिलेलं असतं. मी वाचलं नाही, घाबरलो.

ठरले 35,000. वीस हजार फोनवरून दोन हप्त्यांत, पंधरा रोख. रोखीची पावती मागितली तर, "विश्वास नाही काय आमच्यावर?" लाज वाटून गप्प बसलो. दोन्ही वह्या 'स्कॅनिंगला' ठेवून घेतल्या.

दीड महिन्यानं चोवीस पानांची चकाचक पीडीएफ आली. त्यात माझी नऊ पानं. बाकी तलवार घेतलेली बाई, एक थ्रीडी रोबो, धुक्यातलं शहर. "सर, हे माझं नाही." ते हसले. "सगळे असंच करतात. पॅनेल दोन मिनिटं बघतं."

इथं मी खोटं बोलणार नाही. मला कळलं होतं. तरी ती पीडीएफ मी त्या रात्री चार मित्रांना पाठवली, आणि "भारी!" असं उत्तर आलं तेव्हा छान वाटलं.

पॅनेलनं दोन मिनिटांत उरकलं नाही. मॅडम रोबोवर थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "याचं वायरफ्रेम दाखवाल? मूळ फाइल आहे?" वायरफ्रेम म्हणजे थ्रीडी आकृतीचा रेघांच्या जाळीचा सांगाडा. माझ्याकडं ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअरसुद्धा नव्हतं. मग मागाच्या पानावर आल्या. "हे तुमचं आहे?" हो म्हटलं, तर त्यांनी मान वर केली नाही. त्यांनी का विश्वास ठेवावा?

परतीच्या गाडीत एकेक चित्र गुगल लेन्सवर टाकलं. तलवारवाली बाई आर्टस्टेशन या चित्रकारांच्या वेबसाइटवर सापडली, एका परदेशी चित्रकाराची. आमच्या साहेबांनी चित्र आडवं उलटवलं होतं, म्हणून बाई डावखुरी झाली होती. खालच्या कोपऱ्यात एक पुसट डाग होता. मला तो स्कॅनिंगचा वाटायचा. तिथं सही होती.

केबिनला कुलूप. फोन बंद. 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, cybercrime.gov.in वर तक्रारही टाकली, पण चार महिने उलटून गेले होते. पैसे गेल्या गेल्या कळवलं तर पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. रोखीचं तर नावच नको. आणि त्या इचलकरंजीच्या मामावाल्या पोरानंही तिथंच पैसे भरले असणार. त्याचा राग येत नाही. त्याच्या पीडीएफमध्ये माझा माग, माझ्या पीडीएफमध्ये कुणाची तरी बाई, एवढाच काय तो फरक.

कुणी असं 'तयार करून देतो' म्हणालं, तर लेअर (चित्राचे एकावर एक थर) असलेली मूळ फाइल मागा, लगेच चेहरा कळतो. मूळ वही कुणाच्या हातात देऊ नका, घरी फोटो काढून लहान साइजची प्रत पाठवा. द्यायच्या आधी चित्र आपल्या नावानं बिहान्स या काम दाखवायच्या वेबसाइटवर टाकून ठेवा, तारखेची नोंद राहते, खातं फुकट असतं. चित्र काढायचं क्रिटा आणि ब्लेंडर ही सॉफ्टवेअरही फुकट आहेत. क्रिटामध्ये रेकॉर्डर सुरू ठेवला की चित्र कसं होत गेलं त्याचा व्हिडिओ होतो. आता मी तेच वापरतो. नऊ चांगली पानं होती माझी. तेवढी घेऊन गेलो असतो तरी चाललं असतं.

आईला सांगितलं तेव्हा ती पैशाचं काही बोलली नाही. "आज्जाचा माग कशाला दिलास रे त्याला?" एवढंच.

वह्या परत आल्या नाहीत. माग गेल्या दिवाळीआधीच मोडला, लाकूड जळणाला गेलं. ती सायकलची ट्यूब आईनं न्हाणीच्या दाराला बांधलीय. सध्या तिचंच चित्र काढतोय.