वेटलिफ्टिंगचा पुल (बार जमिनीवरून वर खेचणं) सुधारायचा असेल तरच या

आधीच सांगतो, ही फिटनेस जिम नाहीये. वागळे इस्टेटमधला साधा गाळा आहे, एसी नाही, ट्रेडमिल नाही, आरसेसुद्धा नाहीत, त्यामुळे पोट कमी करायचंय किंवा बायसेप काढायचेत तर ठाण्यात गल्लोगल्ली जिम आहेत, तिकडे जा. इथे फक्त वेटलिफ्टिंगचे दोन प्रकार, स्नॅच (बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर).

माझा त्रास असा होता की स्नॅचमध्ये बार गुडघ्याच्या वर आला की पुढे पळायचा आणि मी त्याच्यामागे उडी मारत जायचो. आधीच्या जिममध्ये उपाय एकच, 'अजून जोरात खेच भावा'. इथल्या सरांनी एकदोन लिफ्ट बघितल्या आणि म्हणाले, "वर काय बघतोयस, बिघडतंय खाली. कंबर आधी उठतीय, छाती तिथंच राहतीय."

मग जे चालू झालं ते लय कंटाळवाणं आहे, आधीच मनाची तयारी ठेवा. बार जमिनीवरून सावकाश उचलायचा, गुडघ्याच्या जरा खाली दोन सेकंद थांबायचं, खांदे बारच्या पुढे, हात सरळ, वजन पूर्ण तळव्यावर, आणि मग वर. सर समोर प्लास्टिकचा पाइप उभा धरतात, बार पाइपला लागला की तो रेप (ती एक उचल) धरायचा नाही. फर्स्ट पुलमध्ये (जमिनीपासून गुडघ्यापर्यंत) गुडघे मागे जाऊन बारला वाट करून देतात आणि लॅट्सनी (पाठीच्या बाजूच्या स्नायूंनी) बार अंगाजवळ धरून ठेवायचा असतो, हे मी शंभर व्हिडिओंत ऐकलं होतं पण अंगात उतरलं ते त्या पाइपमुळे. दुसरी गंमत म्हणजे बारच्या मधोमध चॉक (पकड घसरू नये म्हणून हाताला लावायची पांढरी पावडर) फासतात आणि काळी शॉर्ट्स घालून यायला सांगतात, लिफ्टनंतर पांढरा पट्टा कुठे उमटलाय बघायचं. स्नॅचमध्ये जांघेच्या घडीत उमटला तर ठीक, मांडीच्या मध्यावर उमटला तर तुम्ही घाई केलीत, वाद घालायला जागाच नाही.

वजन वाढवायला मात्र लवकर देत नाहीत. स्नॅच पुल (बार डोक्यावर न नेता नुसता खेचणं) तुमच्या स्नॅचच्या ९० ते १०० टक्क्यांवर, त्याच्यावर गेलात आणि कंबर परत आधी उठली की सर स्वतः येऊन प्लेट काढतात. मोबाइलवर वेटलिफ्टर संकेत सरगरची २०२२ बर्मिंगहॅम कॉमनवेल्थची ११३ किलोची स्नॅच स्लो करून दाखवतात (सर पण सांगलीचेच, त्यामुळे कौतुक जरा जास्तच) आणि सांगतात, "गुडघ्यापर्यंतचंच बघ, पुढचं नको."

सामान चांगलं आहे. मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे हलक्या प्लेटपण पूर्ण ४५० मिमी व्यासाच्या आहेत, म्हणजे नवीन माणसालासुद्धा बार बरोबर उंचीवर मिळतो, नाहीतर साध्या जिममध्ये छोट्या लोखंडी प्लेट लावून बार नडगीच्या तळाशी येतो आणि तिथून पाठ सरळ ठेवणं म्हणजे शिक्षाच. बायकांसाठी १५ किलोचा २५ मिमी जाडीचा बार वेगळा ठेवलाय. माझी बहीण येते, तिचा हात लहान, २८ मिमीच्या बारवर तिला हुक ग्रिप (अंगठा बोटांखाली दाबून धरायची पकड) बसायचीच नाही, इथे बसली.

आता तक्रारी. प्लॅटफॉर्म कमी आहेत, संध्याकाळी बॅचला गर्दी झाली की एका बारवर चौघं. पावसाळ्यात आत इतका दमट उकाडा होतो की चॉकचा चिखल होतो आणि बारवर गंज धरतो, पंखे वाढवा असं सगळे सांगतात, सर हसतात. फी ठाण्याच्या मानाने जास्त, ती पण तीन महिन्यांची एकदम, हे मला नाही पटलं. स्ट्रॅप (मनगट बारला बांधायचे पट्टे) वापरायला हेवी पुललाच परवानगी, क्लीनला अजिबात नाही, मनगट जाईल म्हणतात, ते बरोबरच आहे.

चार स्टार. पाचवा पंखे लागले की देतो. आणि गाडी आणू नका, कंपन्या सुटायच्या वेळी बाहेर टेम्पोंच्या रांगा असतात आणि पार्किंगला जागाच मिळत नाही, ठाणे स्टेशनवरून सरळ रिक्षा करा.