कॅरिबियनमध्ये गोल्फ: ला रोमाना, बार्बाडोस की माँटेगो बे?

डिसेंबर उजाडला की न्यू जर्सीतल्या आम्हा मराठी गोल्फवाल्यांची नजर दक्षिणेकडे वळते. इथले कोर्स गारठलेले असतात, आणि न्यूयॉर्क-नेवार्कहून चार-पाच तासांत कॅरिबियनमध्ये उतरता येतं. प्रश्न एवढाच उरतो की कुठे? आठवडाभराची सुट्टी, सोबत न खेळणारं कुटुंब, खिशाला झेपतील असे तीन-चार राउंड (एक राउंड म्हणजे अठरा होल). अशा हिशोबाने पाहिलं तर बहुतेकांची यादी तीन नावांवर येऊन थांबते: डोमिनिकन रिपब्लिकचा पूर्व किनारा, बार्बाडोस आणि जमैकातलं माँटेगो बे. तिन्ही ठिकाणी खेळलो आहे. पुढे लिहितो आहे ते माझ्या अनुभवापुरतं. तुमचा खेळ आणि तुमची आवड वेगळी असेल तर निवडही वेगळी ठरू शकेल.

आधी डोमिनिकन रिपब्लिकमधलं ला रोमाना, कारण कॅरिबियन गोल्फ म्हटलं की पहिलं नाव तिथल्या कासा दे काम्पो रिसॉर्टच्या ‘टीथ ऑफ द डॉग’चंच निघतं, आणि ते योग्यच आहे. गोल्फ कोर्स आखणाऱ्या पीट डाय यांनी १९७१ मध्ये पूर्ण केलेला हा कोर्स. शेकडो स्थानिक मजुरांनी हातोडे-पहारी घेऊन प्रवाळाचा खडक फोडला आणि वर माती आणून टाकली, तेव्हा कुठे गवताला जागा मिळाली. त्यामुळे फेअरवे (कापलेल्या गवताचा पट्टा) आणि समुद्र यांच्यामध्ये काहीच नाही. सात होल अगदी पाण्याला लागून आहेत: पाच ते आठ आणि पंधरा ते सतरा. पहिल्या चारांत समुद्र डाव्या हाताला, नंतरच्या तिनांत उजव्या. एकीकडे पाठीवर असलेला वारा दुसरीकडे छातीवर येतो, आणि सकाळी जो आयर्न क्लब पुरून उरला होता तोच दुपारी तोकडा पडतो. पाचवा होल छोटासा पार थ्री, म्हणजे तीन फटक्यांचा, आहे. अंतर ऐकून हायसं वाटतं आणि टीवर (पहिल्या फटक्याच्या जागी) उभं राहिलं की ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या बारीक गवताच्या) डावीकडे नुसतं पाणी दिसतं. गोल्फ खेळणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी त्या टीवर उभं राहावं असं मला मनापासून वाटतं. २०२५ मध्ये हा कोर्स बराच काळ बंद ठेवून गवत आणि ग्रीन नव्याने केले आहेत, तेव्हा जुनी वर्णनं वाचून ग्रीनच्या वेगाचा अंदाज बांधू नका.

त्याच रिसॉर्टमध्ये डाय यांचाच ‘डाय फोर’ चावोन नदीच्या दरीच्या कडेने जातो. दृश्याच्या बाबतीत तो मोठ्या भावाला फारसा हार जात नाही, आणि टी टाइमही (खेळ सुरू करण्याची वेळ) त्यामानाने सहज मिळतो.

पुंता काना तिथून गाडीने तासाभरावर. कोरालेस हा टॉम फाझिओंचा कोर्स. २०१८ पासून इथे अमेरिकेच्या व्यावसायिक पीजीए टूरची स्पर्धा होते. पुंता एस्पादा जॅक निकलॉस यांचा. दोन्ही देखणे, दोन्ही निगुतीने राखलेले, दोन्ही महाग. कोरालेसच्या अठराव्या होलवर खाडीवरून मारायचा दुसरा फटका पोटात गोळा आणतो. सर्व-समावेशक हॉटेल, मुलांसाठी पाण्याच्या घसरगुंड्या आणि थेट विमान एवढं हवं असेल तर पुंता कानासारखी सोय दुसरीकडे नाही.

बार्बाडोसचं गणित वेगळं. इथला सगळ्यात गाजलेला कोर्स म्हणजे सँडी लेनचा ‘ग्रीन मंकी’: जुन्या दगडाच्या खाणीत कोरलेला, सोळाव्या होलच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) गवताचं माकड असलेला. पण तो हॉटेलच्या पाहुण्यांसाठीच आहे, आणि त्या हॉटेलचं एका रात्रीचं भाडं पाहून आम्ही तो विषय मिटवला. रॉयल वेस्टमोरलंड हा रॉबर्ट ट्रेंट जोन्स ज्युनियर यांचा कोर्स, चढउताराचा आणि सुंदर. बाहेरच्यांना ठरावीक वेळांतच जागा मिळते, म्हणून आधी विचारून ठेवावं. विमानतळाजवळचा बार्बाडोस गोल्फ क्लब सगळ्यांना खुला, सपाट आणि दराने सुसह्य. म्हणजे खेळायला आहे, पण गोल्फसाठीच बार्बाडोसला जा असं मी म्हणणार नाही. सोबतची मंडळी क्रिकेटवेडी असतील तर मात्र गोष्ट निराळी. केन्सिंग्टन ओव्हलबाहेर सोबर्सच्या पुतळ्याशेजारी उभं राहायचं, जून २०२४ मध्ये रोहितच्या संघाने जिथे टी-ट्वेंटीचा विश्वचषक उचलला ते मैदान पाहायचं, आणि अधल्यामधल्या सकाळी एखादा राउंड. भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसला व्हिसा आधी काढावा लागत नाही, हेही पुण्या-मुंबईहून येणाऱ्या भावंडांना सोबत घ्यायचं असेल तर उपयोगी पडतं. तरी निघण्यापूर्वी ताजा नियम पाहून घ्या.

आता ज्या एका गोष्टीने माझा कौल फिरला तिच्याकडे येतो. ती गोष्ट म्हणजे कार्ट, कोर्सवर फिरायची छोटी गाडी.

या बेटांवरच्या मोठ्या रिसॉर्ट कोर्सवर कार्ट गृहीत धरलेली असते. ग्रीन फीमध्येच (खेळण्याच्या शुल्कातच) तिचे पैसे असतात, आणि चालत खेळायचं म्हटलं तर काउंटरवरचा माणूस दोनदा विचारून घेतो. त्यालाही माझी हरकत नव्हती. पण अशाच एका नामांकित कोर्सवर पहाटे सर पडून गेली होती आणि पहिल्या टीवरून गट सोडणाऱ्या स्टार्टरने सांगितलं, आज गाडी फक्त सिमेंटच्या रस्त्यावरून. रस्ता फेअरवेच्या एका कडेला, चेंडू दुसऱ्या कडेला. साठ-सत्तर यार्ड चालत जायचं, अंदाजाने तीन क्लब हातात घेऊन. तिथे पोचलं की वारा वेगळाच वाटतो आणि हवा असलेला चौथा क्लब गाडीत राहिलेला असतो. परत या, परत जा. गाडीतल्या जोडीदाराचा चेंडू आणखी तिसरीकडे, म्हणजे आळीपाळीने एकमेकांची वाट पाहणं आलंच. रस्ता सोडून जरा पुढे गेलं की गाडीतल्या पडद्यावर सूचना येते आणि गाडी आपोआप मंदावते. मागचा गट टीवर कंबरेवर हात ठेवून उभा. ज्या होलसाठी एवढा प्रवास आणि एवढा खर्च केला, त्या समुद्रकाठच्या होलवर माझी नजर सबंध वेळ सिमेंटच्या पट्टीवर होती, कारण रस्ता नेमका समुद्राच्या उलट बाजूने काढलेला. चालण्याचे श्रम सगळे झाले आणि चालत खेळण्याचा आनंद काडीचा मिळाला नाही. उष्ण कटिबंधात सर कधीही येते, त्यामुळे हा योग तुमच्याही वाट्याला येऊ शकतो. आणि कार्ट मोकळी सोडली तरी दोन फटक्यांच्या मधली जी मिनिटं चालताना मिळतात, ज्यात मागचा फटका मनातून उतरतो आणि पुढचा तयार होतो, ती कार्टमध्ये मिळत नाहीत.

मी गोल्फ शिकलो पुण्यात, येरवड्याच्या कोर्सवर. तिथे पिशवी कॅडीच्या खांद्यावर असते आणि आपण चालतो. ग्रीनवर पोचेपर्यंत दोघांचं चार वाक्यांचं बोलणं होतं, आणि पुट (ग्रीनवरचा हलका फटका) कुठे वळणार हे तो सांगतो. त्या सवयीचा माणूस अमेरिकेत येऊन कार्टला सरावतो खरा, पण सुट्टीत तरी जुनं सुख मिळावं असं वाटतंच.

ते मला माँटेगो बेला मिळालं. जमैकातल्या मोठ्या कोर्सवर कॅडी घेण्याचीच प्रथा आहे. ला रोमानालाही कॅडी असतो, पण माझ्या अनुभवात तो कार्टच्या मागे उभा राहून सगळ्या गटाचं एकदम बघतो. इथे तो तुमचा असतो. ‘हाफ मून’ हा थोरल्या रॉबर्ट ट्रेंट जोन्स यांचा १९६१ चा कोर्स, विमानतळापासून पंधरा-वीस मिनिटांवर. सपाट, म्हणून चालायला उत्तम. दोन्ही बाजूंना जुनी झाडं, उचललेले ग्रीन, नेमक्या जागी बंकर. पहिल्या फेरीत तो साधा वाटतो. दुसऱ्या फेरीत कळतं की फेअरवेची चुकीची बाजू धरली तर ग्रीन नजरेआड होतो. गवताचा कल पाहायला मात्र जाणकार डोळाच हवा. डोळ्यांना डावीकडे दिसणारा उतार कॅडीने उजवीकडे सांगितला, मी त्याचं ऐकलं आणि चेंडू खरोखर तसाच वळला, असं त्या राउंडमध्ये पुन्हापुन्हा झालं. भारतातून आहे म्हटल्यावर क्रिकेट निघालंच. त्याच्याकडून गेल आणि वॉल्श, माझ्याकडून सबाइना पार्कवरचं सरदेसाईंचं १९७१ चं द्विशतक. एवढ्या गप्पा होऊनही आमचा राउंड त्या कार्टवाल्या राउंडपेक्षा लवकर संपल्यासारखा वाटला. घड्याळ लावून पाहिलं नाही, पण टीवर ताटकळणं नव्हतं एवढं नक्की.

जोडीला ‘सिनॅमन हिल’ आहे. उसाच्या जुन्या मळ्यातून जाणारा, दगडी पाटाचे अवशेष सांभाळणारा. काही होल समुद्राशी, काही डोंगरात, म्हणून तिथे मी स्वतः कार्ट घेतो. पश्चिमेला ‘ट्रायॉल’ आहे. १९९१ ते १९९५ या काळात तिथे जगातल्या निवडक खेळाडूंची वर्षअखेरची मोठी स्पर्धा व्हायची, आणि त्याचं जुनं पाणचक्र अजून कोर्सवर उभं आहे. तिथे जागा मिळवणं थोडं किचकट. क्लबच्या बंगल्यात उतरणाऱ्यांना आधी प्राधान्य असतं.

जमैकाची उणी बाजूही सांगायला हवी. हाफ मूनवरून समुद्र जवळजवळ दिसतच नाही. कोर्स महामार्गाच्या आतल्या अंगाला आहे. फोटोंसाठी जाणार असाल तर निराशा होईल. गवताची निगा पुंता कानाच्या तोडीची नाही. कॅडीची फी ग्रीन फीपेक्षा वेगळी, वर बक्षिसीही द्यायची असते आणि त्याची खरी कमाई तीच, म्हणून डॉलरच्या सुट्या नोटा जवळ ठेवा आणि हात आखडता घेऊ नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं: ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस आलेल्या मेलिसा चक्रीवादळाने पश्चिम जमैकाला जबर तडाखा दिला. कोणता कोर्स पूर्ण खुला आहे, किती होल चालू आहेत, हे विमानाचं तिकीट काढण्याआधी थेट प्रो शॉपला (कोर्सवरच्या दुकानाला) फोन करून विचारा. ज्या कॅडींचं घर पर्यटकांवर चालतं त्यांच्यासाठी तुमचं जाणं आज नेहमीपेक्षा जास्त मोलाचं आहे, हाही विचार मी स्वतः करतो.

ऋतूबद्दल फार सांगण्यासारखं नाही. डिसेंबर ते एप्रिल कोरडं आणि महाग, जून ते नोव्हेंबर वादळांचं. पूर्वेकडचा वारा सकाळी उशिरा जोर धरतो, म्हणून शक्यतो साडेसात-आठचा टी टाइम घ्यावा. दुपारच्या सवलतीच्या दराला भुलून तीन वाजता उतरलात तर शेवटचे काही होल अंधारात जातील. तिथे काळोख झपकन पडतो.

तर निवड. आयुष्यात एकच कॅरिबियन राउंड खेळायचा असेल तर टीथ ऑफ द डॉग. तिथे माझं दुमत नाही. तीनशे-चारशे डॉलर किंवा त्याहून अधिक मोजायची तयारी ठेवा आणि हवामान पाहून शक्यतो सुट्टीच्या मधला दिवस धरा, म्हणजे सर आलीच तर पुढे ढकलता येईल. घरच्यांची सुट्टी आधी आणि गोल्फ नंतर असेल तर पुंता काना किंवा बार्बाडोस. पण आठवडाभरात तीन-चारदा खेळायचं असेल, हँडिकॅप अठराच्या आसपास, म्हणजे खेळ मध्यम असेल आणि चालायला पाय साथ देत असतील, तर मी माँटेगो बेचं तिकीट काढेन. पहिल्या दिवशी हाफ मून, मध्ये सिनॅमन हिल, आणि शेवटच्या सकाळी पुन्हा हाफ मून. तोच कॅडी मागून घ्यायचा. त्याच्या नावाने आदल्या दिवशीच कॅडीमास्टरकडे सांगून ठेवावं लागतं.