कोल्हापूर की नाशिक: शनिवार-रविवारसाठी कुठलं बरं?

मावसबहिणीचा प्रश्न: पुण्याहून दोन दिवस, सोबत सासूबाई आणि दोन पोरं, कुठे जावं?

अंतरात फारसा फरक नाही. दोन्हीकडे गाडीने पाचेक तास धरायचे.

खरा फरक चालण्यात आहे. कोल्हापुरात अंबाबाई, भवानी मंडप, रंकाळा सगळं जवळजवळ. पन्हाळा वीसेक किलोमीटरवर आणि गाडी थेट गडावर जाते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही तीन दरवाजा, अंबरखाना बघता येतो. नाशिकला पंचवटीत काळाराम आणि रामकुंड हाकेच्या अंतरावर. पण त्र्यंबकेश्वर तीस किलोमीटरवर, आणि सुट्टीच्या दिवशी दर्शनाच्या रांगेत अर्धा दिवस सहज जातो. पांडवलेणी सुंदर, पण पायऱ्या भरपूर. सासूबाईंना खालीच बसवावं लागेल.

खाणं? तांबडा-पांढरा रस्सा खाणाऱ्यांनी पुढचं वाचूच नये. शाकाहारी घराला मात्र दोन्ही सारखीच, मिसळ दोन्हीकडे झणझणीत. पोरांसाठी दही मागून घ्या.

खोलीचं भाडं दोन्हीकडे सुट्टीत चढतं. कोल्हापुरात नवरात्र टाळा, नाशिकला श्रावणी सोमवार आणि 2027 चा सिंहस्थ.

ज्येष्ठ आणि लहान मुलं सोबत असतील तर कोल्हापूर. ज्योतिर्लिंगाचं दर्शन घ्यायचंच असेल, किंवा लेणी चढायची हौस असेल, तर नाशिक.