थेंबाला चार हजार

"काकू, गुडघं दुखत्यात व्हय? माझ्या आईचंबी असंच हुतं. आता रोज गणपतीला चालत जाती."

सांगलीच्या आमराईत फिरताना, मिरजेत दवाखान्याबाहेर रांगेत, नाहीतर मंडईत पिशवी टेकवून उभं राहिल्यावर कुणी आपणहून असं बोललं, की सावध व्हावं. हा माणूस काही विकत नाही. फक्त एक नंबर देतो, तोही आढेवेढे घेत, म्हणून विश्वास बसतो. नंबरवरचे 'डॉक्टरसाहेब' परगावचे असतात, दोनच दिवस इकडे असतात आणि घरीच येतात. यात सेवाभाव कसला? दवाखाना म्हटलं की पत्ता आला, भिंतीवर नोंदणीचा दाखला आला, आणि तेच त्यांना नको असतं.

आधी गुडघ्याला कसलीशी पूड चोळतात. मग ब्लेडने कातडीवर बारीक चिरा देतात, त्यावर धातूची नळी टेकवून तोंडाने ओढतात आणि कागदावर पिवळट थेंब टाकत जातात. "बघा, किती पू साचलाय!" कातडीला चिरा देऊन रक्त ओढून काढायच्या जुन्या तुंबडीची ही नक्कल. भाव आधीच सांगितलेला असतो, थेंबाला चार हजार. ऐकणाऱ्याला वाटतं, पाच-सहा थेंब निघतील. मोजायला लागतात तेच, मोठ्याने, झरझर. पंच्याहत्तर झाले की तीन लाख! अशा टोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांना लाखोंना बुडवल्याच्या बातम्या पुण्या-मुंबईकडून अनेकदा आल्या आहेत.

मुळात संधिवातात गुडघ्यात पू नसतोच. वयाने होणाऱ्या संधिवातात हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, म्हणजे कूर्चा, झिजते. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो, तो निरोगी गुडघ्यात जेमतेम तीन-चार मिलिलिटर. सूज आल्यावर वाढतो, पण तो काढायचा तर निर्जंतुक सुई थेट सांध्याच्या पोकळीत न्यावी लागते. मिलिमीटरभर चिरेतून निघतं ते कातडीचं रक्त. पिवळेपणा पुडीचा, नाहीतर नळीत आधीच भरलेल्या द्रवाचा. खरोखर पू झाला तर गुडघा लालबुंद, गरम होतो, बहुधा ताप येतो, पाय टेकवत नाही. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं असतं. उलट निरोगी सांध्याजवळ तोंडाची नळी आणि कुणाकुणाला लावलेलं ब्लेड म्हणजे जंतुसंसर्गाला आणि काविळीला आवतण. मधुमेह असेल तर जास्तच.

जाताना महिन्याच्या पुड्या देतात, "शुद्ध आयुर्वेदिक, सांगलीच्या हळदीतल्या". सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या नावावर काहीही खपतं. हळदीने थोडाफार उतार पडतो, पण सावकाश. तीन दिवसांत दुखणं साफ पळालं तर पुडीत स्टिरॉइड किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी कुटून घातल्याचा दाट संशय घ्यावा. चेहरा सुजणं, भूक भलती वाढणं, साखर चढणं, शौचाला काळं होणं या खुणा. मात्र बरेच आठवडे घेतलेली पुडी एका दिवसात बंद करू नका. स्टिरॉइड अचानक तोडलं की उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा. खऱ्या आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटक, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक छापलेला असतो.

खरा उपाय फुकटचा आहे, म्हणूनच कदाचित कुणी मनावर घेत नाही. पाय लांब करून बसावं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती मांडीच्या जोरावर खाली दाबावी, पाच सेकंद धरावी. दहा वेळा, दिवसातून दोनदा. आठवड्याने उताणं झोपून एक पाय वाकवावा, दुसरा सरळ वीतभर उचलावा. मग हात न टेकता खुर्चीतून उठबस. फरक कळायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात सोडतात. नेमके तेव्हाच तो नंबर आठवतो. व्यायामानंतरची कळ दुसऱ्या दिवशीही राहिली तर संख्या निम्मी करावी. उकिडवं बसणं टाळावं. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. एक किलो वजन उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. गरम पाण्याचा शेक पंधरा मिनिटं चालेल, पण बाम चोळून वर शेकू नये, कातडी भाजते.

पैसे गेलेच असतील तर लाजेपायी गप्प बसू नका. मोबाइलवरून पाठवले असतील तर लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. उरलेल्या पुड्या, थेंबांचा कागद आणि तो नंबर जपून ठेवा, पोलिसांत द्या. आणि आमराईत भेटलेल्याचं वर्णन आधी सांगा, 'डॉक्टर'चं नंतर.