मीटर खरं होतं

गाडी घेतली त्या दिवशी अक्षय तृतीया होती, 10 मे 2024. सकाळी अकरालाच नागपूरच्या रिंग रोडवरच्या त्या जुन्या गाड्यांच्या यार्डात बॉनेटला हात लावू देत नव्हतं ऊन. मी तरी वाकून, गुडघे टेकून, मोबाईलचा टॉर्च मारून गाडी पाहत होतो. दोन महिने अभ्यास केला होता ना!

जो भेटेल तो एकच सांगायचा, जुन्या गाडीत मीटर मागे फिरवतात. म्हणून मी मीटरचा तज्ज्ञ झालो होतो. मीटरवर 41,260 किलोमीटर. क्लच आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर पाहिलं, कडा शाबूत. स्टिअरिंग घासून चकाकलेलं नव्हतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इथे होते 1117, म्हणजे 2017 च्या अकराव्या आठवड्यातले, गाडीसोबत कारखान्यातून आलेलेच टायर. (सात वर्षांचे टायर बदलायलाच हवे होते, पण त्या दिवशी मला त्याचाही आनंदच झाला.) सगळं जुळत होतं. मीटर खरं होतं, आणि त्याबद्दल माझी आजही काही तक्रार नाही.

डीलर खुर्चीत बसून हे सगळं पाहत होता. मी उठून हात झटकले तेव्हा म्हणाला, "भाऊ, तुमाले तं गाडीतलं लई समजते." मी फुगलो.

"गाडी कोणाची होती?"

"रिटायर माणूस हाय जी. भाजीपाला आनाले काढत होते फक्त."

"ॲक्सिडेंट?"

"एक ओरखडा दाखवा, पैसे वापस."

पुढे कळलं की यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. जे खोटं बोलावं लागलं असतं, ते मी विचारलंच नाही.

तीन लाख चाळीस हजारात सौदा ठरला. त्यातले एक लाख रोख मागितले, दिले, पावती मागायला लाज वाटली. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या, नारळ फुटला. आई मागच्या सीटवर बसली आणि लगेच म्हणाली, "काच खाली कर रे, कायचा वास मारला हाय एवढा?" मोगऱ्याचं अत्तर होतं, एसीच्या जाळीला दोन डब्या लटकवलेल्या. सणाचा दिवस म्हणून त्यानं लावलं असेल, असं मी तिला सांगितलं.

मे महिना आणि अर्धा जून गाडी गुणी बाळासारखी चालली. वर्धेला दोनदा जाऊन आलो, रोज मानेवाड्याहून सदरला ऑफिसला नेली. मग पाऊस आला.

पहिल्या झडीत काचा आतून धुकायला लागल्या. एसी लावला की कुबट वास यायचा, ओलं गोणपाट कोपऱ्यात राहून गेल्यावर येतो तसा. अत्तराच्या डब्या केव्हाच संपल्या होत्या. एका रात्री दोन वाजता सेंट्रल लॉक आपोआप खटखट करायला लागलं आणि शेजारचे काका काठी घेऊन बाहेर आले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सिग्नलवर उभा असताना डाव्या बाजूची काच आपल्याच मनानं खाली गेली आणि परत वर येईना. भर पावसात बायकोनं छत्री आडवी धरली, तसे घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सक्करदऱ्यातल्या मिस्तरीकडे नेली. त्यानं काचेच्या मोटरीला हातही लावला नाही. ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट धरला आणि संपेपर्यंत ओढला. शेवटची वीतभर पट्टी बाहेर आली तशी त्यानं ती माझ्यासमोर धरली. त्यावर आडवी, मातकट, सुकलेल्या गाळाची रेघ होती. वर करडा पट्टा, खाली तपकिरी. बेल्ट कितीही धुतला तरी रीळमध्ये गुंडाळलेला भाग कोणी धूत नाही, असं तो म्हणाला.

"पान्यातली हाय भाऊ. काऊन घेतली?"

मग त्यानं सीट सरकवून रुळांवरचा गंज दाखवला. डिकीतलं स्टेपनी काढलं, खालच्या खोलगट भागात जॅकच्या बोल्टभोवती बारीक गाळ बसला होता, नखानं खरवडला तर निघाला. पायाखालचं कार्पेट उचललं. त्याखाली जाड फोम असतो, तो दाबला तर बोटं ओली झाली. वायरिंगचा मोठा जुडगा तिथूनच, दाराच्या उंबऱ्यालगत जातो. एक जोडणी त्यानं उघडली. आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या.

मी विचारलं, मग पहिला महिनाभर काही कसं झालं नाही? तो हसला. नागपूरच्या उन्हाळ्यात बंद काचांची गाडी म्हणजे भट्टी. पंचेचाळीस अंशांत फोम पापडासारखा वाळतो, वास मरतो, जोडण्या कोरड्या राहतात. गाळ मात्र तिथेच असतो, आणि हवेत ओल आली की तो पहिल्यांदा पितो. पाण्यातल्या गाड्या एप्रिल-मेमध्ये जास्त निघतात, हेही त्यानंच सांगितलं.

नंतर स्कॅनर लावला. गाडीचा कॉम्प्युटर बिघाडाचे कोड लक्षात ठेवतो आणि ते पुसल्यापासून गाडी किती चालली हेही ठेवतो. मीटर होतं 43,150 वर. मी घेतल्यापासून 1,890 किलोमीटर झाले होते. स्कॅनर म्हणाला, कोड पुसल्यापासून 1,896. म्हणजे माझ्या हातात येण्याच्या सहा किलोमीटर आधी कोणीतरी बसून सगळं पुसलं होतं. टेस्ट ड्राइव्हला आम्ही साधारण तेवढेच फिरलो होतो.

चावी ऑन केली की एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद लागून विझायला हवा, बिघाड असेल तर तो लागूनच राहतो. माझ्या गाडीत तो विझलेलाच असायचा आणि मी खूश होतो, की वा, कुठलीच वॉर्निंग नाही. मिस्तरीनं मीटरची काच काढली तेव्हा त्या दिव्यावर काळ्या टेपचा शेंगदाण्याएवढा तुकडा चिकटवलेला निघाला. तीस-चाळीस हजारांची चूक पोटात घालता येते. हा तुकडा मात्र मला अजून सुचू देत नाही. आईला, पोरांना बसवून मी ती गाडी वर्धा रोडला शंभरनं पळवली होती.

त्या रात्री फाईल काढून बसलो. इन्शुरन्सची कॉपी पहिल्या दिवसापासून माझ्याकडेच होती, मी फक्त ती कधी संपते तेवढं पाहिलं होतं. जानेवारी 2024 मध्ये नूतनीकरण झालेलं, आणि नो क्लेम बोनसच्या रकान्यात शून्य. क्लेम घेतला नाही तर हा बोनस दरवर्षी वाढत जातो, वीस टक्क्यांपासून पन्नासपर्यंत. एवढी जपून वापरलेली गाडी आणि बोनस शून्य, म्हणजे आधीच्या वर्षात क्लेम झाला होता. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, म्हणून नुकतीच दुसऱ्याच्या नावावर झालेली गाडी असेल तर शून्य दिसणं साहजिक आहे. इथे 2017 पासून मालक एकच.

आणि आरसीवर त्याचा पत्ता. अंबाझरीच्या खालच्या अंगाला, नाग नदीजवळची गल्ली. हा पत्ता मी मे महिन्यात वाचला होता आणि मनात म्हटलं होतं, चांगल्या वस्तीतली गाडी आहे. मी नागपूरचा माणूस! 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नदी घराघरांत शिरली, लोकांना काढायला सैन्य आलं. त्याच गल्ल्यांमधून तरंगणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ मी स्वतः चार ग्रुपवर पाठवले होते.

ऑगस्टमध्ये एका रविवारी त्या पत्त्यावर गेलो. सत्तरीचे काकाजी होते. भिंतीवर कमरेच्या वर पाण्याची खूण अजून होती, रंग दिला नव्हता. गाडीचं नाव काढताच त्यांनी आत बोलावलं, चहा केला.

"स्टेअरिंगपर्यंत पाणी होतं बेटा. इन्शुरन्स कंपनीनं थोडेफार पैसे दिले, पण माझं मनच उठलं. मी त्याला सगळं सांगूनच दिली, नव्वद हजारात. तुम्हाला नाही सांगितलं त्यानं?"

डीलरकडे गेलो तर आवाजही चढवला नाही. "तुमी पाहून घेतली ना भाऊ, घंटाभर." आणि माझीच सही दाखवली: गाडी जशी आहे तशी स्वीकारली. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते दाखवा म्हटलं, तर प्रोसेसमध्ये आहे म्हणाला. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, नोटीस पाठवली, आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात केस आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. काकाजींनी लिहून दिलं आहे, मिस्तरीनं स्कॅनरचा फोटो दिला आहे. रोख दिलेल्या एक लाखाचा मात्र माझ्याकडे कागदच नाही. वकिलांनी पहिला प्रश्न तोच विचारला.

तोवर गाडी सांभाळणं चालू आहे. कार्पेट आणि फोम फेकून नवा टाकला, जोडण्या एकेक उघडून साफ केल्या, दोन व्हील बेअरिंग आणि अल्टरनेटर बदलला, एअरबॅगचं मॉड्यूल नवं बसवलं. अठ्ठ्याऐंशी हजार गेले. पावसाळ्यात दर रविवारी रबर मॅट काढून फोमला हात लावून पाहतो, आता ती सवयच झाली आहे. कोणी गाडी पाहायला सोबत चला म्हटलं तर मी जातो. आधी सीटबेल्ट ओढतो, मग पॉलिसी मागतो. मीटरकडे शेवटी पाहतो.

ऑक्टोबरमध्ये वैतागून विकायला काढली होती. कामठी रोडच्या एका डीलरला आधीच सांगून टाकलं, पाण्यातली आहे, केस पण चालू आहे. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, काच ठोकून पाहिली आणि आपुलकीनं म्हणाला, "आत्ता काऊन विकता भाऊ? उन्हाळ्यात आना ना."