कात्रज ओलांडताना: जुना घाट की नवा बोगदा?

पुण्याहून सायकलने खेड शिवापूर, भोर किंवा वाईकडे निघालं की आधी कात्रजचा डोंगर आडवा येतो. एक वाट कात्रज चौकातून भिलारेवाडीवरून चढत जुन्या बोगद्याशी जाते. दुसरी नवले पुलाकडून महामार्गाने नव्या बोगद्यात शिरते. पलीकडे शिंदेवाडीच्या बाजूला दोन्ही एकाच रस्त्याला लागतात. सातारा रोड, बिबवेवाडीकडच्यांना पहिली सोयीची, धायरी-वारज्याकडच्यांना दुसरी. मी दोन्हींनी जाऊन पाहिलंय.

नव्या बोगद्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. रस्ता रुंद, चढ एकसारखा, वळणं कमी. जायची नळी वेगळी, यायची वेगळी, त्यामुळे समोरून कुणी अंगावर येत नाही. जुना बोगदा याच्या उलट. अरुंद, दोन्हीकडची वाहतूक एकातूनच, चालणाऱ्याला फुटपाथ नाही. कागदावर मांडलं तर नवाच सुरक्षित वाटेल, आणि तसं मानणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही.

माझा निर्णय झाला तो आवाजामुळे. सायकलवर मागचं सगळं आपण कानाने बघत असतो. घाटात खालच्या वळणावर ट्रकने गिअर बदलला की कळतं, जड गाडी येतेय, अजून वेळ आहे, पुढच्या रुंद जागी कडेला होऊ. नव्या बोगद्यात हा आधारच जातो. आवाज भिंतींवर आणि छतावर आपटून चहूबाजूंनी येतो. लांबचा कंटेनर आणि अगदी पाठीशी आलेला टेम्पो, दोन्ही सारखेच घुमतात. मान वळवून बघावं तर हँडल हलतं, आणि कडेला वाहनांनी लोटलेली खडी-माती साचलेली असते, तिथे चाक घसरायची भीती. आरसा लावून पाहिला. त्यात नुसते दिवे दिसतात, अंतर कळत नाही. मागचा लाल दिवा, चमकणारं जॅकेट यांचा उपयोग आहेच, पण त्याने आपण ड्रायव्हरला दिसतो. तो कुठवर आलाय हे आपल्याला तरीही कळत नाही. तेवढा सगळा वेळ खांदे आवळून पेडल मारावं लागतं. मला ते सहन होत नाही. कुणाला होत असेलही.

जुन्या बोगद्याचा मोठा गुण म्हणजे तो आखूड आहे. तोंडाशी थांबायचं, मागे-पुढे बघायचं, मोकळीक मिळाली की निघायचं. कधी शिरायचं हे आपल्या हातात राहतं. नव्यात ते शक्य नाही, महामार्गाची रांग तुटत नाही. कात्रज-सिंहगड ट्रेकसाठी रात्री जुन्या बोगद्यापाशी उतरणाऱ्यांनाही हेच सांगेन: घोळक्याने चालू नका, एकामागे एक चला, समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, आणि टॉर्च चालू ठेवा.

बोगदा कोणताही असो, गॉगल तोंडाच्या आधीच काढा. भर दुपारी उन्हातून आत आलेल्या ड्रायव्हरलाही पहिले काही क्षण धड दिसत नाही, आणि आपण नेमके तिथेच असतो. म्हणून निघायचं ते पहाटेच.

जुन्या घाटाचे दोष लपवत नाही. पावसाळ्यात दगड-माती खाली येते, शनिवार-रविवारी वळणांवर फोटोसाठी गाड्या थांबतात, अंधार पडल्यावर एकट्याने जाऊ नये. पण लांब पल्ल्याची जड वाहतूक तिथे नसते, हे फार मोठं आहे.

परतीसाठी तर मला विचारही करावा लागत नाही. नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार अपघातांसाठी सगळ्या पुण्याला ठाऊक आहे. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी तिथे कितीतरी बळी घेतलेत. थकलेल्या अंगाने त्या उतारावर सायकल सोडू नका, हे मात्र आग्रहाने सांगतो.

वेगळी सोय करता येत नाही असं नाही. रॉटरडॅममध्ये मास नदीखालच्या बोगद्यात १९४२ पासून सायकलींना आणि चालणाऱ्यांना स्वतंत्र नळ्या आहेत. नॉर्वेतल्या बर्गनमध्ये २०२३ साली जवळपास तीन किलोमीटरचा बोगदा फक्त त्यांच्यासाठी खुला झाला. कात्रजच्या नव्या बोगद्यात साधी वेगळी पट्टीही नाही. ती झाली तर मी आनंदाने पुन्हा तिकडून जाईन.

साताऱ्यापर्यंत जाणार असाल तर खंबाटकीचा हिशोब आधीच करा. जाताना घाट मिळतो, येताना मात्र महामार्ग थेट बोगद्यात नेतो आणि बाहेर पडल्यावर उतार व वळण येतं. तिथे निवड उरत नाही. तेवढ्यापुरती सायकल टेम्पोत टाकून इकडे यावं, असं माझं मत.